कुंडीखालची किल्ली

"सॉफ्टवेअर उघडताना मी माझा पासवर्ड टाकतो. तो बरोबर असेल तरच पुढचा पडदा उघडतो. मग आतली माहिती सुरक्षितच झाली ना?"

संगणकावर हिशेब ठेवणारा कोणताही छोटा व्यावसायिक हा प्रश्न विचारतो, आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र "नाही" असे आहे. ते का, हे समजून घेण्यासाठी पेणला जाऊ या.

पेण म्हणजे गणपतीचे गाव. शहरात आणि हमरापूर, जोहे, कळवे या आसपासच्या गावांत वर्षभर मूर्ती घडतात. समजा, यातल्याच एका कारखान्यात नोंदणीसाठी संगणक आले आहेत. एक मुख्य संगणक मालकांच्या खोलीत, दोन नोंदणीच्या टेबलांवर आणि रोह्याच्या बाजारपेठेतल्या हंगामी विक्री केंद्रात एक लॅपटॉप. गिऱ्हाइकाचे नाव, मोबाइल नंबर, मूर्तीची उंची, आगाऊ रक्कम, बाकी आणि पाट आणून दिला की नाही, हे सगळे या यंत्रांवर नोंदले जाते. यंत्रे चार असली तरी नोंदवही एकच आहे. तिला डेटाबेस म्हणतात आणि ती मालकांच्या खोलीतल्या संगणकावर असते. हा कल्पनेतला कारखाना प्रकरणाच्या शेवटपर्यंत सोबत राहील.

१. दोन दारे, दोन किल्ल्या

रोह्याच्या केंद्रावरचा मुलगा सकाळी लॅपटॉप उघडतो आणि आपले नाव व पासवर्ड टाकतो. ते बरोबर आहेत की नाहीत, हे ठरवण्यासाठी प्रोग्रामला कर्मचाऱ्यांची यादी पाहावी लागते. यादी डेटाबेसमध्ये आहे, म्हणजे ती पाहायची तर आधी डेटाबेसमध्ये शिरायला हवे. थोडक्यात, मुलाचा पासवर्ड तपासला जाण्यापूर्वीच प्रोग्रामने स्वतःजवळच्या दुसऱ्याच एका किल्लीने कोठाराचे दार उघडलेले असते.

या दुसऱ्या किल्लीची मालकाला बहुधा कल्पनाच नसते. ती ज्या ओळीत लिहिलेली असते, तिला कनेक्शन स्ट्रिंग म्हणतात. नाव बोजड असले तरी ती पाकिटावरच्या पत्त्यासारखी साधी ओळ असते:

सर्व्हर=पेणकारखाना; डेटाबेस=मूर्तीनोंद; यूजर=एसए; पासवर्ड=मोरया१२३

कोणत्या संगणकाकडे जायचे, तिथली कोणती वही उघडायची, कोणत्या नावाने आणि कोणत्या पासवर्डने, एवढेच त्यात असते. इथे यूजर म्हणून 'एसए' आहे. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये 'एसए' म्हणजे सर्वाधिकारी. तो नोंदी वाचू शकतो, बदलू शकतो, पुसू शकतो, अख्खी वहीसुद्धा नष्ट करू शकतो.

पडद्यावरचा पासवर्ड म्हणजे दुकानाच्या पुढच्या फळीची कडी आणि कनेक्शन स्ट्रिंगमधला पासवर्ड म्हणजे मागच्या कोठाराची किल्ली. पुढची कडी कितीही घट्ट लावली, तरी मागची किल्ली कुंडीखाली ठेवलेली असेल तर चोर पुढच्या दाराकडे फिरकणारच नाही.

२. साच्यातली खूण

मग ती किल्ली ठेवलेली असते कुठे? सॉफ्टवेअर बसवणाऱ्याला विचारले, तर बऱ्याचदा उत्तर येते, "शेठ, ती प्रोग्रामच्या आतच टाकलीय. कोणाला दिसत नाही."

पेणच्या माणसाला यातली अडचण पटकन समजेल. रबरी साच्यात आतल्या बाजूला एखादी बारीक खूण राहिली, तर त्या साच्यातून निघणाऱ्या प्रत्येक मूर्तीवर ती उमटते. वर रंग चढला की ती दिसत नाही, पण रंग खरवडला की दिसते. प्रोग्रामचेही तसेच आहे. प्रोग्राम लिहिणारा पासवर्ड एकदा लिहितो, त्यातून चालणारी फाइल तयार होते आणि तिची प्रत ज्या ज्या संगणकावर जाते, तिथे तो पासवर्डही जातो. त्याच बनावटीचे सॉफ्टवेअर पन्नास दुकानांना विकले असेल, तर पन्नास कोठारांना एकच किल्ली लागू होते.

रंग खरवडायला मोठे कौशल्यही लागत नाही. प्रोग्रामची फाइल विंडोजच्या साध्या नोटपॅडमध्ये उघडून पाहावी. पडद्यावर चौकोन, प्रश्नचिन्हे आणि न लागणारी अक्षरे यांचा चिखल दिसतो. तो खाली सरकवत गेले की मध्येच सुटी सुटी, वाचता येणारी अक्षरे लागतात. 'पा स व र्ड' असे एकेक अक्षर, मध्ये रिकामी जागा, आणि त्यापुढे खुद्द पासवर्ड. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट पद्धतीने लिहिलेल्या प्रोग्राममध्ये मजकूर असाच, प्रत्येक रोमन अक्षरामागे एक रिकामे घर सोडून साठवलेला असतो. फाइलमधला वाचण्याजोगा मजकूर वेगळा काढून देणारे 'स्ट्रिंग्ज' नावाचे छोटे साधन मायक्रोसॉफ्टच फुकट देते. आयएलस्पायसारखी साधने तर तयार प्रोग्राममधून मूळ मजकुराच्या बरेच जवळ जाणारा कोड परत उभा करतात.

छोट्या दुकानांतून वर्षानुवर्षे वापरल्या गेलेल्या मायक्रोसॉफ्ट ऍक्सेस या डेटाबेसची गोष्टही इथे सांगायला हवी. ऍक्सेस ९७ मध्ये फाइलला पासवर्ड लावता येत असे, पण तो फाइलच्या सुरुवातीलाच, सगळीकडे सारख्याच असणाऱ्या एका ठरावीक मालिकेत मिसळून ठेवलेला असे. ती मालिका माहीत असलेला कोणीही तो क्षणात उलगडू शकत होता. खरी कूटबद्धता ऍक्सेसमध्ये २००७ च्या आवृत्तीपासून आली.

३. कुलूप आणि किल्ली एकाच दोरीत

"मग पासवर्ड सांकेतिक करून ठेवला तर?" हा पुढचा स्वाभाविक प्रश्न. एक छोटे उदाहरण घेऊ.

समजा पासवर्ड ४७१९ आहे. प्रत्येक आकड्यात ३ मिळवायचे आणि बेरीज दहा किंवा त्याहून अधिक झाली तर शेवटचा आकडा घ्यायचा, असा संकेत ठरवला. ४ चे ७, ७ चे ०, १ चे ४ आणि ९ चे २. फाइलमध्ये ७०४२ लिहिले. नोटपॅडमध्ये पाहणाऱ्याला ७०४२ दिसेल आणि तो डेटाबेसवर चालणार नाही.

पण प्रोग्रामला तर खरा पासवर्ड हवाच. म्हणून "३ वजा करा" ही सूचना प्रोग्राममध्येच लिहावी लागते. ७०४२ ही एका खिशात आणि "३ वजा करा" ही दुसऱ्या खिशात, पण सदरा एकच. संकेत कितीही अवघड केला, तरी उलगडण्याची रीत आणि किल्ली प्रोग्रामसोबतच सॉफ्टवेअर घेणाऱ्याच्या संगणकावर जाते. शिवाय डेटाबेसशी जोडणी होते त्या क्षणी खरा पासवर्ड संगणकाच्या मेमरीत उघडा येतोच. चोराला संकेत सोडवायची गरज नसते. प्रोग्राम त्याच्यासाठी तो सोडवून देतो.

ऑग्युस्त केर्कहॉफ यांनी १८८३ मध्येच सैनिकी संकेतलेखनाबद्दल एक अट सांगितली होती. यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये. गुपित फक्त किल्लीत असावे. इथे तर यंत्रणा आणि किल्ली दोन्ही आपणच आपल्या हाताने पाठवत असतो.

सांकेतिक करण्याचा काहीच उपयोग नाही, असे मात्र नाही. सहज डोकावणाऱ्याला ते अडवते. मन लावून शोधणाऱ्याला अडवत नाही, एवढा फरक ध्यानात ठेवायला हवा.

४. बदलता न येणारा पासवर्ड

रोह्याजवळ धाटावला रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत आहे. आजच्या रासायनिक कारखान्याच्या नियंत्रण कक्षात टाक्यांचे तापमान, दाब, पंपांची स्थिती पडद्यावर दिसते, आणि ही आकडेवारी डेटाबेसमध्ये साठत जाते. म्हणजे मूर्तींच्या नोंदणीत जी रचना आहे, तीच इथेही आहे: पडद्यावरचा प्रोग्राम, मागे डेटाबेस आणि मध्ये किल्ली.

जगभरच्या अनेक कारखान्यांत सिमेन्स कंपनीचे 'विनसीसी' हे अशा कामाचे सॉफ्टवेअर वापरले जाते. त्यात डेटाबेसचा पासवर्ड पक्का बसवलेला होता. २०१० च्या जूनमध्ये बेलारूसमधल्या एका अँटिव्हायरस कंपनीला स्टक्सनेट हा व्हायरस सापडला. इराणच्या नतांझ येथील युरेनियम समृद्धीकरणाची यंत्रे हे त्याचे लक्ष्य होते, हे पुढच्या विश्लेषणातून दिसून आले. तो पसरण्याच्या अनेक वाटांपैकी एक होती विनसीसीचा डेटाबेस. तिथला पक्का पासवर्ड वापरून तो आत शिरत असे. हा पासवर्ड त्याआधी किमान दोन वर्षे इंटरनेटवर उघडपणे वाचायला मिळत होता.

यातला सर्वांत महत्त्वाचा धडा पुढे आहे. बातमी फुटल्यावर कंपनीने ग्राहकांना सांगितले की पासवर्ड बदलू नका, कारण बदलला तर कारखान्याचे काम बिघडू शकते. पासवर्ड प्रोग्राममध्ये मुरलेला असल्याने डेटाबेसमध्ये तो बदलला की प्रोग्रामच बाहेर अडकणार! चोराला माहीत झालेली किल्लीही बदलता येत नाही, हा पक्क्या पासवर्डचा मोठा तोटा आहे. आणि हे संकट दूरचे नव्हते: सिमॅन्टेक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या अहवालानुसार स्टक्सनेटची लागण झालेल्या संगणकांत इराण आणि इंडोनेशियानंतर तिसरा क्रमांक भारताचा होता.

५. २७ जून २०१७, न्हावा शेवा

पेणहून खाडीच्या दिशेने उरण तालुक्यात गेले की न्हावा शेवाचे जवाहरलाल नेहरू बंदर लागते. पेणप्रमाणे तेही रायगड जिल्ह्यातच. २७ जून २०१७ रोजी या बंदरातील एका टर्मिनलची संगणक यंत्रणा बंद पडली. ते टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क समूहाकडून चालवले जात होते. कंटेनरची कामे हाताने करण्याची वेळ आली.

कारण होता नॉटपेत्या नावाचा व्हायरस. तो सुरू झाला युक्रेनमध्ये, एम.ई.डॉक या करभरणीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून. दुकानातल्या संगणकावर असते तसलेच ते रोजच्या वापरातले सॉफ्टवेअर. त्याच्या अपडेटमध्ये हल्लेखोरांनी व्हायरस घुसवला. पुढे पसरायला त्याने दोन वाटा वापरल्या. एक विंडोजमधल्या दोषाची, जो दुरुस्त करणारे अपडेट त्याच वर्षी मार्चमध्ये निघाले होते. दुसरी वाट अशी की, एका संगणकात शिरल्यावर त्याच्या मेमरीत पडून राहिलेले लॉगिनचे तपशील उचलायचे आणि तीच किल्ली शेजारच्या संगणकांना लावून पाहायची. जिथे एखाद्या सर्वाधिकाऱ्याचे लॉगिन हाती लागले, तिथे अपडेट केलेले संगणकही वाचले नाहीत.

मर्स्कच्या अध्यक्षांनी पुढे दावोसच्या परिषदेत सांगितले, की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर, ४५,००० संगणक आणि २,५०० प्रोग्राम नव्याने बसवावे लागले. रायगड जिल्ह्यातल्या बंदरापर्यंत आलेली ही लाट एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून उठली होती.

६. किल्ली छोटी करा

आतापर्यंतच्या चर्चेतून एक गोष्ट उघड होते. सॉफ्टवेअर घेणाऱ्याच्या संगणकावर ठेवलेली किल्ली कायमची लपवता येत नाही. मग प्रश्न बदलायला हवा. "किल्ली कुठे लपवू?" याऐवजी "ही किल्ली चोरीला गेली, तर तिने काय काय उघडेल?" असे विचारायला हवे.

जेरोम साल्ट्झर आणि मायकेल श्रोडर या अमेरिकन संशोधकांनी १९७५ मध्ये हे तत्त्व नीट मांडले. प्रत्येक प्रोग्रामला आणि माणसाला कामापुरताच अधिकार द्यावा. आपल्या कारखान्यात ते असे दिसेल.

रोह्याच्या केंद्राला काय लागते? मूर्तींची यादी आणि किमती वाचणे, नवी नोंदणी लिहिणे, बाकी रक्कम जमा करून पावती देणे. त्याला काय लागत नाही? किमती बदलणे, जुन्या नोंदी पुसणे, कारागिरांची मजुरी पाहणे. तेव्हा रोह्यासाठी डेटाबेसमध्ये वेगळे लॉगिन बनवावे आणि त्याला पहिल्या तीनच गोष्टींची परवानगी द्यावी.

आणखी एक पाऊल पुढे जाता येते. गिऱ्हाइकांची अख्खी यादी वाचायची मुभा न देता, डेटाबेसमध्येच एक ठरावीक काम लिहून ठेवता येते: पावती क्रमांक द्या, त्या एकाच नोंदीचा तपशील मिळेल. अशा आत लिहिलेल्या कामाला स्टोअर्ड प्रोसिजर म्हणतात. समजा वहीत ३,००० गिऱ्हाइके आहेत. 'एसए'ची किल्ली चोरणाऱ्याला एका ओळीच्या आज्ञेत ३,००० मोबाइल नंबर मिळतील. छोट्या किल्लीवाल्याला ३,००० वेळा विचारावे लागेल, आणि विचारणांची नोंद ठेवलेली असेल तर हा प्रकार तिथेच उघडा पडेल.

'एसए' वापरण्याची सवय किती महाग पडते, हे मे २००२ मध्ये दिसले. स्पायडा नावाचा व्हायरस इंटरनेटवर एसक्यूएल सर्व्हर शोधत फिरला आणि जिथे 'एसए'चा पासवर्ड रिकामाच ठेवलेला होता तिथे सरळ आत गेला. त्याला काहीही तोडावे लागले नाही.

७. ओळखीने उघडणारे दार

जुन्या वाड्यातला पहारेकरी घरच्या माणसाकडे किल्ली मागत नाही. चेहरा ओळखतो आणि दिंडी उघडतो. डेटाबेसलाही असे करता येते. कर्मचारी सकाळी विंडोजमध्ये लॉगिन करतो, तेव्हाच त्याची ओळख पटलेली असते. एसक्यूएल सर्व्हर तीच ओळख मान्य करतो. याला विंडोज ऑथेंटिकेशन म्हणतात. मग कनेक्शन स्ट्रिंगमध्ये पासवर्ड लिहावाच लागत नाही. जे लिहिलेलेच नाही ते चोरीलाही जात नाही. कोणी कोणती नोंद बदलली, हेही नावानिशी कळते.

दोन गोष्टींची काळजी मात्र घ्यावी लागते. पहिली, संगणकांनी एकमेकांना ओळखायला हवे. मोठ्या कार्यालयात त्यासाठी डोमेन नावाची मध्यवर्ती व्यवस्था असते. चार संगणकांच्या कारखान्यात जाणकाराकडून थोडी मांडणी करून घ्यावी लागते. दुसरी काळजी अधिक महत्त्वाची आहे. पहारेकरी माणसाला ओळखतो, प्रोग्रामला नाही. त्यामुळे तोच कर्मचारी एक्सेल उघडून थेट त्याच डेटाबेसला जोडू शकतो. प्रोग्रामच्या पडद्यावर 'पुसा' हे बटण दिले नाही म्हणून तो नोंद पुसू शकणार नाही, असे समजू नये. परवानगीची मर्यादा पडद्यावर न घालता डेटाबेसमध्येच घालावी लागते. मागच्या भागातली छोटी किल्ली इथेही हवीच.

८. किल्ली ठेवावीच लागली तर

काही ठिकाणी पासवर्ड साठवण्यावाचून इलाज नसतो. मग तो प्रोग्रामच्या आत न लिहिता वेगळ्या फाइलमध्ये, विंडोजच्या तिजोरीत बंद करून ठेवावा. विंडोज २००० पासून प्रत्येक विंडोजमध्ये अशी सोय आहे. डेटा प्रोटेक्शन एपीआय असे तिचे नाव. प्रोग्राम पासवर्ड विंडोजच्या हवाली करतो, आणि विंडोज तो त्या माणसाच्या लॉगिनशी किंवा त्या संगणकाशी बांधून कूटबद्ध करते. ती फाइल कोणी दुसऱ्या संगणकावर नेली, तर तिथे ती उघडत नाही.

तिची मर्यादाही जाणून घ्यावी. त्याच संगणकावर, त्याच माणसाच्या लॉगिनखाली चालणारा दुसरा प्रोग्राम विंडोजकडे तोच पासवर्ड मागू शकतो. म्हणजे फाइल पळवणाऱ्यापासून संरक्षण मिळते, घरात शिरलेल्या व्हायरसपासून नाही.

मुख्य फायदा असा की, पासवर्ड प्रोग्रामबाहेर आल्यामुळे तो बदलता येतो. प्रत्येक दुकानाला वेगळा पासवर्ड देता येतो.

९. खिडकीपलीकडचा माणूस

रोहा स्थानकात तिकीट काढणारा प्रवासी खिडकीपुढे उभा राहतो. गाव सांगतो, पैसे देतो, तिकीट घेतो. आतल्या यंत्राला हात लावायची त्याला गरज नसते आणि मुभाही नसते.

डेटाबेसची रचनाही अशी करता येते. पेणच्या मुख्य संगणकावर मधला एक प्रोग्राम बसवायचा. रोह्याचा लॅपटॉप डेटाबेसशी बोलणारच नाही. तो या मधल्या प्रोग्रामला सांगेल, "पावती ४१२ ची बाकी जमा करा." मधला प्रोग्राम मागणी तपासेल, काम करील आणि उत्तर देईल. कोठाराची किल्ली फक्त त्याच्याजवळ, म्हणजे पेणच्या कुलूपबंद खोलीत राहील. लॅपटॉप हरवला, तरी त्यात किल्ली सापडणार नाही. विक्रीची ठिकाणे गावोगावी असतील, तर हा उपाय सगळ्यांत भक्कम. त्याला खर्च आणि मेहनत अधिक लागते, पण नवे सॉफ्टवेअर करून घेणाऱ्याने ही मागणी पहिल्याच बैठकीत करावी.

हे जमेपर्यंत निदान एक पथ्य पाळावे. रोह्याहून जोडता यावे म्हणून डेटाबेसचे दार सरळ इंटरनेटवर उघडे ठेवू नये. एसक्यूएल सर्व्हरचे नेहमीचे दार १४३३ क्रमांकाचे असते, आणि त्यावर टकटक करणारे प्रोग्राम जगभरातून अहोरात्र फिरत असतात. दोन गावांमध्ये व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटच्या आतून जाणारा बंदिस्त रस्ता, बांधून घ्यावा.

१०. हंगाम संपल्यावर

गिऱ्हाइकाने विश्वासाने दिलेला नाव-नंबर ही आता कायद्यानेही जपायची गोष्ट आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा उपाय न करणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हा आकडा मोठ्या कंपन्यांसाठीची कमाल मर्यादा वाटला, तरी काळजी घेण्याची जबाबदारी छोट्यांनाही चुकत नाही.

म्हणून सॉफ्टवेअर बसवणाऱ्याला मालकाने चार प्रश्न विचारावेत. प्रोग्राम डेटाबेसमध्ये कोणत्या नावाने शिरतो? तो पासवर्ड कुठे लिहिलेला आहे? तुमचे सॉफ्टवेअर घेणाऱ्या दुसऱ्या दुकानातही तोच आहे का? आणि उद्या तो बदलायचा ठरवला, तर किती वेळ लागेल? चौथ्या प्रश्नाचे उत्तर "प्रोग्राम परत बनवावा लागेल" असे आले, तर पासवर्ड साच्यातच आहे हे समजावे. रोजच्या बॅकअपची फाइल कुठे जाते, हेही विचारून घ्यावे. त्या एका फाइलमध्ये अख्खी वही असते, आणि ती टेबलाच्या खणात पेन ड्राइव्हवर पडून असेल, तर वरचे सगळे उपाय वाया जातात.

चतुर्थीच्या आदल्या रात्री रोह्याच्या केंद्रातली शेवटची मूर्ती पाटावर बसून घरी जाते. मांडव उतरतो, हंगामी मुले हिशेब पूर्ण करून पगार घेतात, लॅपटॉप पेणला परत येतो. तो परत आला की त्याच दिवशी मुख्य संगणकावर बसून रोह्याचे लॉगिन बंद करायचे, नोंदणीच्या टेबलांवरचे पासवर्ड बदलायचे आणि ही तारीख वहीत लिहून ठेवायची. नीट बांधलेल्या यंत्रणेत या कामाला दहा मिनिटे पुरतात.